वर्धा जिल्ह्यातील कौटुंबिक निसर्गपर्यटन

वर्धा जिल्ह्यातील कौटुंबिक निसर्गपर्यटन म्हणजे महाराष्ट्राच्या वर्धा जिल्ह्यातील वने, जलाशय, टेकड्या, शेतशिवार आणि नदीकाठ अशा ठिकाणी कुटुंबांनी सुटीच्या काळात केलेला मुक्काम व त्या मुक्कामातील मैदानी उपक्रम होय. सेलू तालुक्यातील बोर व्याघ्र प्रकल्पाचा परिसर हे या पर्यटनाचे मुख्य केंद्र आहे. त्याखेरीज समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी, धाम नदीकाठचे पवनार, सेवाग्राम, केळझर आणि आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतील डोंगराळ प्रदेश येथेही कुटुंबे व शालेय सहली जातात. वनभोजन, हुरडा आणि शेतावरचे रोडगे या जुन्या प्रथा, तसेच तंबूतील मुक्काम, पक्षिनिरीक्षण, आकाशदर्शन व जंगल सफारी हे नवे उपक्रम असे या पर्यटनाचे दोन प्रवाह आहेत. हा प्रदेश वाघ व बिबट्याच्या वावराचा असल्याने येथील मैदानी उपक्रमांना काही कायदेशीर व व्यावहारिक मर्यादा आहेत.

## भौगोलिक पार्श्वभूमी

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०९ चौ. किमी असून त्यात वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी व कारंजा असे आठ तालुके आहेत. मध्य प्रदेशातील मुलताई परिसरात उगम पावणारी वर्धा नदी जिल्ह्याच्या पश्चिम व दक्षिण सीमेवरून वाहते. धाम, बोर, वणा व यशोदा या जिल्ह्यातील इतर नद्या होत.

जिल्ह्याचा दक्षिण व मध्य भाग काळ्या कसदार मातीचा, सपाट आणि कापूस, सोयाबीन, तूर यांच्या शेतीचा आहे. उत्तर व ईशान्य भागात सातपुड्याच्या दक्षिणेकडील टेकड्यांच्या रांगा पसरल्या आहेत. तेथील जमीन उथळ व खडकाळ असल्याने शेती मर्यादित राहिली आणि वन टिकून राहिले. जिल्ह्यातील बहुतेक जंगल म्हणूनच या पट्ट्यात आढळते. खडक दख्खनच्या पठाराचा, म्हणजे लाव्हारसापासून बनलेला काळा बेसॉल्ट आहे.

हवामान विषम आहे. मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते, तर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांपर्यंत खाली येते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो. या चक्रामुळे कुटुंबासह उघड्यावर मुक्काम करण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वाधिक अनुकूल ठरतो. शाळांची मोठी सुटी मात्र उन्हाळ्यात येते. त्यामुळे उन्हाळ्यातील बेत आखताना दुपारचे तास सावलीत घालवावे लागतात.

## परंपरा

घराबाहेर, झाडाखाली कुटुंबाने एकत्र जेवण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली केले जाणारे आवळीभोजन हे तिचे सर्वपरिचित रूप होय. या दिवसांत पावसाळा संपलेला असतो, थंडी सुरू होते आणि आवळे धरू लागतात.

विदर्भात शेतावरच्या जेवणाला रोडग्यांचे वेगळे स्थान आहे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून रोडगे तयार होतात. ते फोडून तुपासह, वांग्याची भाजी व वरणाबरोबर खाल्ले जातात. नवस फेडण्यासाठी देवस्थानाजवळ किंवा शेतात रोडग्यांचे जेवण घालण्याची चाल आजही आहे. हिवाळ्यात ज्वारीची कणसे दुधाळ अवस्थेत असताना ती आगटीत भाजून, हातावर चोळून हुरडा काढला जातो. हुरड्याला घरच्या मंडळींबरोबर शेजारी व पाहुणेही बोलावले जातात.

युरोपातील शिबिरपद्धती भारतात मुख्यतः बालवीर चळवळीतून आली. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले. स्वतंत्र भारतातील विविध बालवीर संघटनांचे १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेत एकीकरण झाले. तंबू उभारणे, गाठी मारणे, माग काढणे व शेकोटीभोवतीचे कार्यक्रम हे शालेय शिबिरांतील घटक या चळवळीतून रुजले.

वर्ध्याच्या संदर्भात आणखी एक धागा महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तेथे मांडलेली योजना पुढे ‘नई तालीम’ या नावाने ओळखली गेली. हातांनी केलेले उत्पादक काम आणि भोवतालचा परिसर यांतून शिक्षण व्हावे, असे तिचे सूत्र होते. ही योजना मनोरंजनासाठी नव्हती. तथापि शेत, ओढा, चूल व चरखा ही शिकण्याची साधने आहेत हा विचार जिल्ह्यातील निसर्गशिबिरांना आजही लागू पडतो.

## बोर व्याघ्र प्रकल्प

बोर नदीवरील धरणाभोवतीच्या वनाला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौ. किमी असून ते देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या सर्वांत लहान गाभा क्षेत्रांत मोडते. हिंगणी हे जवळचे गाव, तर सेलू हे तालुक्याचे ठिकाण आहे. वर्धा व नागपूर या दोन्ही शहरांतून रस्त्याने एक-दोन तासांत येथे पोहोचता येते.

येथील वन दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानगळीचे आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस, सालई, बेहडा व बांबू या प्रमुख वनस्पती होत. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, सांबर, चितळ, नीलगाय, चौसिंगा, भेकर, रानडुक्कर व वानर हे प्राणी आढळतात. जलाशयामुळे पाणपक्ष्यांची संख्या चांगली असते.

क्षेत्र लहान असले तरी त्याचे स्थान मोक्याचे आहे. पेंच, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा-अंधारी व मेळघाट या व्याघ्र अधिवासांच्या मध्ये बोर येते. येथे वाढलेले तरुण वाघ नव्या प्रदेशाच्या शोधात शेतशिवार व महामार्ग ओलांडून बाहेर पडतात. ‘बाजीराव’ नावाने पर्यटकांच्या परिचयाचा असलेला बोर येथील वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मरण पावला. जंगलाची सीमा नकाशावर संपते, वन्यप्राण्यांचा वावर संपत नाही, हे या घटनेतून ठळकपणे दिसून आले. प्रकल्पाभोवतीच्या गावांत किंवा शेतात मुक्काम करणाऱ्या कुटुंबांसाठीही हीच बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

### प्रवेश व मुक्काम

गाभा क्षेत्रात पायी फिरण्यास वा तंबू ठोकण्यास पर्यटकांना परवानगी नसते. नोंदणीकृत वाहन आणि वन विभागाने नेमलेला मार्गदर्शक यांच्यासह ठरलेल्या फेरीतच प्रवेश मिळतो. सफारीच्या फेऱ्या सकाळी व दुपारनंतर असतात. पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर या काळात, गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद राहते. मुक्काम धरण परिसरातील पर्यटक निवासांत किंवा क्षेत्राबाहेरील खासगी निवासांत केला जातो. तंबूतील मुक्काम हा अशा कुंपण असलेल्या, देखरेखीखालील आवारातच होतो.

व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनावर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात मोठा विचार झाला. जुलैमध्ये गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी आली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यानंतर ऑक्टोबरमध्ये ती उठली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या कमाल २० टक्के भागातच पर्यटनास मुभा आहे. सफारीचे मार्ग आणि वाहनांची संख्या मर्यादित असण्याचे हे एक कारण आहे.

## मुक्कामातील उपक्रम

### ठसे व खुणांचे वाचन

वाघ दिसणे हा योगायोगाचा भाग असतो. खुणा मात्र प्रत्येक फेरीत दिसतात. धुळीच्या रस्त्यावरील ठसे ओळखणे हा लहान मुलांना सर्वाधिक गुंतवून ठेवणारा उपक्रम मानला जातो. मार्जारकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेत असल्याने वाघ व बिबट्याच्या ठशांत चार बोटे व मागची गादी उमटते, नखांच्या खुणा नसतात. रानकुत्रा व कोल्हा यांच्या ठशांत नखे स्पष्ट दिसतात. अस्वलाच्या ठशात पाच बोटे व लांब नखांच्या खुणा असतात. चितळ, सांबर व नीलगाय यांचे खूर दुभंगलेले असून आकारावरून त्यांत फरक करता येतो.

खुणांमध्ये आवाजांचाही समावेश होतो. झाडावर बसलेल्या वानराला वा चरणाऱ्या चितळाला शिकारी प्राण्याची चाहूल लागली की ते ठरावीक इशारा देतात. मार्गदर्शक त्याला ‘कॉल’ म्हणतात. वाहन थांबवून, इंजिन बंद करून काही मिनिटे शांत बसल्यास मुलांनाही हे आवाज वेगळे ओळखता येतात.

ठशांचा सराव गाभा क्षेत्राबाहेरही होऊ शकतो. मुक्कामाच्या आवारात सायंकाळी चौरस मीटरभर जागेत बारीक चाळलेली माती पसरून ठेवली, तर सकाळी त्यावर मांजर, मुंगूस, बेडूक, साळुंकी यांच्या पावलांची नोंद मिळते.

### पक्षिनिरीक्षण

बोर जलाशयाचा काठ, पवनार येथील धाम नदीचे पात्र व गावतलाव ही पक्षिनिरीक्षणाची सोयीची ठिकाणे आहेत. सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम समजले जातात. पाणकावळा, राखी बगळा, खंड्या व हळदीकुंकू बदक पाण्याजवळ दिसतात. नीलपंख, वेडा राघू व कोतवाल तारांवर वा उघड्या फांद्यांवर बसतात. हळद्या, तांबट, सुतार व स्वर्गीय नर्तक झाडीत आढळतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा वड, पिंपळ व उंबर यांच्या फळांवर थव्याने येतो. हिवाळ्यात चक्रवाकासारखे स्थलांतरित पक्षी पाण्यावर उतरतात.

नवशिक्या मुलांनी प्रथम आकार, चोच, शेपटी व बसण्याची जागा टिपावी आणि नाव नंतर शोधावे, अशी पद्धत पक्षिमित्र सुचवतात. घरटी व अंडी यांच्या जवळ जाणे आणि छायाचित्रासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे टाळले जाते.

### आकाशदर्शन

शहरापासून दूर, अमावास्येच्या आसपासच्या रात्री जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आकाश चांगले दिसते. हिवाळ्यात मृग, रोहिणी व कृत्तिका ही नक्षत्रे आणि व्याधाचा तेजस्वी तारा साध्या डोळ्यांनी ओळखता येतो. दक्षिण क्षितिजाजवळ अगस्त्य दिसतो. डिसेंबरच्या मध्यास, १३ व १४ तारखांच्या सुमारास मिथुन राशीतील उल्कावर्षाव कमाल अवस्थेत असतो.

वर्धा सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर दिसतो. हात पूर्ण लांब केल्यावर वळलेली मूठ साधारण १० अंशांचा कोन व्यापते. उत्तर क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवल्या की ध्रुवाची जागा सापडते, आणि त्याबरोबर आपल्या गावाचा अक्षांशही मोजला जातो. दिवसा याला जोड म्हणून काठीच्या सावलीचा प्रयोग करता येतो. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्याशीच नाहीशी होते. यास शून्य सावली दिवस म्हणतात.

### मैदानी खेळ व हस्तकौशल्य

विटीदांडू, लगोरी, लपंडाव आणि सूरपारंबी (विदर्भातील डाबडुबली) या खेळांना विशेष साहित्य लागत नाही आणि वेगवेगळ्या वयाची माणसे त्यांत एकत्र खेळू शकतात. गळालेली पाने व बिया ओळखणे, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणे, पळसाच्या फुलांपासून केशरी रंग काढणे हे उपक्रम शेतावरच्या मुक्कामात केले जातात. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. फुले पाण्यात भिजवून वा उकळून रंग मिळतो व तो धुळवडीला वापरला जातो.

### चुलीवरचा स्वयंपाक

रोडगे, हुरडा व भाजलेली वांगी यांचा स्वयंपाक हा मुक्कामाचा मध्यवर्ती कार्यक्रम ठरतो. यात मुलांना गोवऱ्या रचणे, कणीक मळणे, निखारे परतणे अशी वयानुसार कामे वाटून देता येतात. विस्तव अभयारण्याच्या हद्दीत पेटवण्यास मनाई असल्याने हा उपक्रम खासगी शेतात किंवा निवासाच्या नेमलेल्या जागीच होतो. भोवतालचे गवत व पाचोळा काढून घेणे, जवळ पाण्याची बादली ठेवणे आणि शेवटी राख हाताला थंड लागेपर्यंत पाणी टाकणे आवश्यक असते. शुष्क पानगळीच्या वनात फेब्रुवारीपासून जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो आणि एका ठिणगीने वणवा लागू शकतो.

## परिसरातील इतर ठिकाणे

गिरड : समुद्रपूर तालुक्यातील या गावाजवळच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून तेथे सर्व धर्मांचे भाविक येतात. टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले आढळतात. आपली थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे, त्यातील नारळांचे, फकिराने दगड केले अशी आख्यायिका आहे. भूशास्त्रानुसार हे झिओलाइट या खनिजाचे गोळे होत. लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये नंतर पाण्यावाटे आलेले क्षार साचून अशी खनिजे तयार होतात. लोककथा आणि खडकाची कथा एकाच दगडावर ऐकवता येत असल्याने शालेय सहलींसाठी हे ठिकाण उपयुक्त आहे.

पवनार : धाम नदीकाठी विनोबा भावे यांचा परमधाम आश्रम आहे. १९५९ साली येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. नदीपात्रातील खडक व वाहते पाणी पाहण्यासाठी कुटुंबे येतात.

सेवाग्राम : गांधीजी १९३६ साली येथे, तत्कालीन शेगावात, राहावयास आले. आदिनिवास, बापू कुटी व त्यांनी लावलेला पिंपळ पाहता येतो. माती, बांबू व कवेलू यांनी बांधलेली ही घरे उन्हाळ्यात थंड कशी राहतात, हे मुलांना प्रत्यक्ष अनुभवता येते.

केळझर : नागपूर-वर्धा मार्गावरील टेकडीवर गणपतीचे प्रसिद्ध मंदिर आहे. महाभारतातील एकचक्रानगरी हीच, अशी स्थानिक श्रद्धा असून बकासुरवधाची कथा या परिसराशी जोडली जाते.

शेतशिवार : समुद्रपूर तालुक्यातील वायगाव येथील हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद काढणे, उकडणे व वाळवणे ही कामे हिवाळ्याच्या अखेरीस पाहता येतात. आर्वी व कारंजा भाग हा गवळाऊ या पांढऱ्या, चपळ गोवंशाचा मूळ प्रदेश आहे.

## सुरक्षितता

उष्णता : एप्रिल ते जून या काळात सकाळी अकरा ते दुपारी चार दरम्यान मैदानी उपक्रम टाळावे लागतात. लहान मुलांना तहान लागण्याआधी पाणी, ताक वा कैरीचे पन्हे देणे हितावह असते. अंग तापलेले, बोलण्यात गोंधळ किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा व्यक्तीला सावलीत नेऊन, अंगावर पाणी टाकून, वारा घालत त्वरित रुग्णालयात हलवावे लागते.

साप : नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप आहेत. मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्यांना तिचा दंश होण्याची शक्यता अधिक असते. दंश फारसा दुखत नाही आणि लक्षणे उशिरा दिसतात. म्हणून खाटेवर व मच्छरदाणीत किंवा तळ व साखळी पूर्ण बंद असलेल्या तंबूत झोपणे सुरक्षित ठरते. दंश झाल्यास जखम कापणे, विष चोखणे वा घट्ट दोरी बांधणे अपायकारक आहे. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपचार होय. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय हे १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेशी संलग्न आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक राज्यभर चालतात.

पाणी : धरणाचा जलाशय व नदीतील डोह वरून शांत दिसले तरी तळ असमान व गाळाचा असतो. शेवाळलेल्या खडकांवरून पाय घसरतो. पोहण्याची सोय व जीवरक्षक नसलेल्या जागी मुलांना पाण्यात उतरू दिले जात नाही.

वन्यप्राणी : पहाटे व तिन्हीसांजेला बिबट्या आणि अस्वल यांचा वावर वाढतो. या वेळी मुलांनी एकटे आवाराबाहेर न जाणे, उष्टे अन्न उघड्यावर न टाकणे आणि वानरांना खाऊ न घालणे हे मूलभूत नियम आहेत. आग्या मोहोळाजवळ धूर व उग्र अत्तर टाळावे लागते.

## कायदेशीर बाबी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवान्याविना प्रवेश करणे, विस्तव पेटवणे किंवा पेटता ठेवणे आणि शस्त्रासह जाणे प्रतिबंधित आहे. मोरपीस, शिंगे, बिया, दगड अशी कोणतीही वस्तू तेथून आणू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू असल्याने मुक्कामात मद्य बाळगणे वा सेवन करणे गुन्हा ठरतो.

## स्थानिक समाज व पर्यटन

कुटुंबे ज्या जंगलात विसाव्यासाठी येतात, त्याच जंगलाच्या काठावर अनेक गावांची उपजीविका अवलंबून आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि एप्रिल-मेमध्ये तेंदूपाने वेचण्यासाठी गावकरी पहाटेच जंगलात जातात. झुडपांतून वाकून काम करताना वाघ वा अस्वलाशी अचानक गाठ पडण्याचा धोका त्यांना असतो. शेतात रानडुक्कर व नीलगाय पिकांची नासाडी करतात, आणि रात्रीची जागल करावी लागते.

पर्यटनातून मार्गदर्शक, वाहनचालक, खानावळ व निवास अशी कामे गावातील तरुणांना मिळतात. मात्र बाहेरून सर्व सामान घेऊन येणाऱ्या आणि केवळ कचरा मागे ठेवणाऱ्या पर्यटकाचा गावाला लाभ होत नाही. शिधा, भाजी व गोवऱ्या गावातूनच विकत घेणे, गावच्या मार्गदर्शकाबरोबर फिरणे आणि प्लास्टिक परत नेणे यांमुळे हा व्यवहार दोन्ही बाजूंना हिताचा होतो. वाघाचे अस्तित्व ज्यांच्या दारात आहे त्या गावांना त्याचा काही मोबदला मिळाला, तरच बोरसारखे लहान वन दीर्घकाळ टिकेल, हा विचार निसर्गपर्यटनाच्या संकल्पनेच्या मुळाशी आहे.